कुरैमातचा हिशेब: सौरजोड संयुक्त चक्र केंद्राच्या प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२५

प्रबंधासाठी केंद्र ठरलं. इजिप्तमधलं कुरैमात. कैरोच्या दक्षिणेला साधारण ९० किलोमीटरवर, नाईलच्या पूर्वेला, २०११ मध्ये सुरू झालेलं. एकूण १४० मेगावॅट, त्यात सूर्याचा वाटा २०. म्हणजे गॅस टर्बाइन, त्याच्या धुरावर वाफ करणारा बॉयलर, त्या वाफेवर स्टीम टर्बाइन, हे नेहमीचं संयुक्त चक्र. आणि शेजारी आरशांचं शेत, ज्याची उष्णता त्याच स्टीम टर्बाइनला जोडलेली.

माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या यादीत अल्जीरियातलं हासी रमेल, मोरोक्कोतलं ऐन बेनी मथर, फ्लोरिडातलं मार्टिन आणि इराणमधलं यझ्दही होतं. कुरैमात घेतलं कारण इथे गॅसच्या मानाने सूर्य बराच मोठा आहे. ऐन बेनी मथरला ४७० मेगावॅटमध्ये २० मेगावॅट सूर्य; तिथे परिणाम शोधायला भिंग लागेल.

जीईएफच्या (जागतिक पर्यावरण निधीच्या) मदतीने अशी चार केंद्रं व्हायची होती: मोरोक्को, इजिप्त, मेक्सिको आणि आपलं जोधपूरजवळचं मथानिया. पहिली तीन उभी राहिली. मथानियाचं १४० मेगावॅटचं केंद्र कागदावरच राहिलं. इंधन कुठून आणायचं हाच तिथे मोठा प्रश्न होता. ते झालं असतं तर आज आकडे मागायला कैरोपर्यंत जावं लागलं नसतं.

१३ जानेवारी

आरशांचा हिशेब. पॅराबोलिक ट्रफ, म्हणजे पन्हळीसारखे लांब वाकवलेले आरसे आणि त्यांच्या नाभीवर तेलाची नळी. ४० लूप (तेलाचे फेरे), प्रत्येकात आरशांच्या ४ रांगा म्हणजे कलेक्टर, एकूण १६०. एका कलेक्टरची लांबी १५० मीटर, छिद्रक्षेत्र, म्हणजे ऊन झेलणारं क्षेत्र, ८१७.५ चौ.मी. गुणाकार १,३०,८०० चौ.मी., प्रसिद्ध आकड्याशी तंतोतंत. इथे पाया पक्का आहे.

तेल २९३ अंशांवर आत जातं आणि ३९३ वर बाहेर येतं. त्याहून वर नेता येत नाही, कारण हे कृत्रिम तेल ४०० च्या पुढे फुटायला लागतं. शिवाय १२ अंशांखाली ते गोठतं, म्हणून वाळवंटातल्या थंड रात्री ते फिरतं आणि कोमट ठेवावं लागतं. सिसिलीतल्या आर्किमिडीज केंद्रात तेलाऐवजी वितळलेलं क्षार वापरून ५५० पर्यंत मजल मारली आहे, पण ते क्षार दोनशेच्या वरच थिजतं. तिथली रात्रपाळी नको रे बाबा.

१४ जानेवारी

आराखड्याची वेळ २१ मार्चची दुपार, थेट सूर्यकिरण ७०० वॅट प्रति चौ.मी. म्हणजे आरशांवर पडतात ९१.६ मेगावॅट.

त्यातले हाती किती? नळ्या उत्तर-दक्षिण धरल्या. अक्षांश २९.३, विषुवदिनी दुपारी किरण तेवढेच तिरके, म्हणून ०.८७ ने गुणायचं. आरसा, काच, नळीचा लेप मिळून ०.७५. तिरकेपणाचे उरलेले तोटे आणि टोकाकडून निसटणारा प्रकाश मिळून ०.९५ च्या जवळ. २४ किलोमीटर नळीतून आणि पाइपांतून झिरपणारी उष्णता ६ मेगावॅट. शेवटी उरतात ५०, मेगावॅटच्या दशांशाची चर्चा सोडून दिली. शेताची कार्यक्षमता ५४.६ टक्के.

२० जानेवारी

गॅसची बाजू. इथे मुद्दाम गोल आकडे घेतले. हे कुरैमातसारखं केंद्र आहे, कुरैमात नव्हे; प्रत्यक्ष केंद्राचा ताळेबंद म्हणून कुणी वाचू नये.

गॅस टर्बाइन ७० मेगावॅट, ३५ टक्के. इंधनाची उष्णता २००. धूर २०० किलो प्रति सेकंद, ६०० अंशांवर. बाहेरची हवा २० अंश.

सूर्य नसताना, ७० बार दाबाची वाफ ५२० अंशांपर्यंत तापवली आणि उरलेल्या धुरावर कमी दाबाची थोडी वाफ काढली, तर स्टीम टर्बाइनमधून ३७ मेगावॅट मिळतात. एकूण १०७, म्हणजे ५३.५ टक्के. या आकाराच्या केंद्राला शोभणारा आकडा.

२४ जानेवारी

आज दिवसभर एकच प्रश्न: सूर्याची उष्णता बॉयलरमध्ये नेमकी कुठे घालायची?

पाणी तापवणं, उकळवणं आणि वाफ आणखी तापवणं, असे तीन टप्पे. पाणी तापवायच्या टप्प्यावर सूर्य लावला तर तो धुराच्या हलक्या उष्णतेशी स्पर्धा करतो. धुराला मग आपली उष्णता द्यायला जागा राहत नाही आणि ती चिमणीतून जाते. वाफ तापवायच्या टप्प्यावर तेल ३९३ च्या वर जाऊच शकत नाही, तिथे ६०० अंशांचा धूर लागतो. उरतं ते उकळवणं. ७० बारला पाणी २८६ अंशांवर उकळतं, तेल २९३ वर परततं. सात अंशांची फट, म्हणजे उष्णताविनिमयक मोठा हवा, पण जमतं. अशा बहुतेक केंद्रांत हाच मार्ग आहे.

मग वाफ किती वाढते? सुप्त उष्णतेने सरळ भागलं तर ५० मेगावॅटवर ३३ किलो प्रति सेकंद वाफ येते. पण ही वाफ नुसती संपृक्त, उकळबिंदूवरचीच. तिला ५२० पर्यंत तापवायची तर उष्णता धुरातून घ्यावी लागते, आणि तेवढ्यापुरती धुराची स्वतःची वाफ कमी होते. वाफ वाढली की पाणी तापवायची मागणीही वाढते, ती निव्वळ धुरातून भागत नाही. थोडा भार सूर्याला तिथेही उचलावा लागतो. सगळा ताळेबंद मांडला की मुख्य वाफ ३१ वरून ५० वर जाते. वाढ १९, ३३ नव्हे.

तरी हा सौदा वाईट नाही. सूर्य नसताना मुख्य वाफेनंतर धूर १५५ अंशांवर उरत होता आणि पुढे कमी दाबाची वाफ त्यातून जेमतेम अडीच मेगावॅट काढत होती. आता त्याची उष्णता १०० अंशांपर्यंत मुख्य वाफेलाच जाते. स्टीम टर्बाइन ५६ मेगावॅटवर पोचलं. ५० मेगावॅट उष्णतेमागे १९ मेगावॅट वीज, ३८ टक्के. याच तेलावर, याच आरशांवर सुटं सौर केंद्र उभारलं असतं तर वाफ ३७०-३८० अंशांवरच थांबली असती आणि हा आकडा गाठायला बरीच कसरत लागली असती. सूर्याला ५२० अंशांची वाफ गॅस मिळवून देतो आणि गॅसच्या धुराचा शेवटचा घोट सूर्य वसूल करून देतो.

२७ जानेवारी

पायथनमधला कोड आणि वाफेचे तक्ते जुळले. फरक किरकोळ.

४ फेब्रुवारी

मॅडमसमोर मांडणी. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "केंद्राची कार्यक्षमता किती म्हणायची?"

फळ्यावर तीन उत्तरं लिहिली. १२६ मेगावॅट वीज, इंधन २००: ६३ टक्के. वीज तीच, इंधन अधिक तेलाने दिलेली उष्णता, २५०: ५०.४ टक्के. वीज तीच, इंधन अधिक आरशांवर पडलेलं ऊन, २९१.६: ४३.२ टक्के.

एकच क्षण, एकच यंत्र. सूर्य नसताना ५३.५ होतं. म्हणजे ऊन आल्यावर केंद्र सुधारलं की बिघडलं, हे भाजकात काय धरलं त्यावर अवलंबून. पहिला आकडा विकणाऱ्याला आवडतो, ऊन फुकट असल्यासारखं वागवतो. तिसरा तत्त्वाला धरून आहे, पण जगातल्या सर्वोत्तम गॅस केंद्राशेजारी ठेवला की आरसे हा गुन्हाच वाटतो. दुसरा ना इकडचा ना तिकडचा.

माझं मत: तिन्ही आकडे तक्त्यात द्यावेत, पण निष्कर्ष त्यांवर काढू नये. निष्कर्ष काढायचा तो वाढीव विजेवर. सूर्य जोडल्याने किती वीज जास्त मिळाली? मॅडम म्हणाल्या, "जास्त, पण कशापेक्षा?" आणि पुढच्या लेक्चरला निघून गेल्या.

९ फेब्रुवारी

रविवार. मामाकडे डोंबिवलीला. मामा उरणच्या गॅस केंद्रात शिफ्टला होता. तिथे १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइन आणि १२० मेगावॅटची दोन स्टीम टर्बाइन, एकूण ६७२. दोन गॅसमागे एक स्टीम, अशी वाटणी.

त्याला "कशापेक्षा" सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आमच्याकडे गॅस कमी आला की काय व्हायचं? एक गॅस टर्बाइन बंद. म्हणजे स्टीमचं मशीन अर्ध्या लोडवर. मशीन तेच, वाफ अर्धी, पण वीज अर्धीसुद्धा नाही मिळायची. तुझ्या त्या इजिप्तवाल्यांचं रोज संध्याकाळी हेच होतंय."

हे आमच्या मॉडेलमध्ये नव्हतं, कारण सूर्य नसतानाचे ३७ मेगावॅट मी ३७ च्याच टर्बाइनवर काढले होते. तुलनेसाठी तेच हवं होतं. पण सूर्यासाठी बांधलेलं टर्बाइन ५६ चं असणार. कुरैमातचं तर ७० च्याही वरचं आहे. ५६ च्या टर्बाइनमध्ये फक्त धुराची वाफ सोडली की ते दोन तृतीयांश भारावर चालतं. वाफेचा दाब भाराप्रमाणे सरकता ठेवला तरी पात्यांचे कोन, शेवटच्या टप्प्यातले तोटे, सगळं थोडं थोडं खातं. पार्ट लोडचा, म्हणजे कमी भारावरच्या कार्यक्षमतेचा, वक्र घालून काढलं तर ३७ ऐवजी ३६.

म्हणजे तुलनेची केंद्रं दोन. एक, हेच केंद्र ऊन नसताना: १०६. दुसरं, आरसे कधी लावलेच नसते तर बांधलं असतं ते नेमक्या मापाचं केंद्र: १०७. पहिल्याशी तुलना केली तर सूर्याने २० मेगावॅट दिले. दुसऱ्याशी केली तर १९ दिले, आणि ऊन नसलेल्या प्रत्येक तासाला एक मेगावॅट परत घेतला.

प्रबंधाचा कणा हाच.

मामाने निघताना विचारलं, उरणला आरसे लावता येतील का. जागा सोड, हवाच तशी नाही. ट्रफला थेट किरण लागतात. दमट, धूसर आकाशातलं पसरलेलं ऊन पॅनेलला चालतं, आरशाला नाही. आणि चार महिने पाऊस. शिवाय तिथे अडचण गॅसची. आरशांनी गॅस येत नाही.

१४ फेब्रुवारी

उन्हाळ्याची दुपार, बाहेर ४० अंश. गॅस टर्बाइन हवा घनफळाने ओढतं. गरम हवा हलकी, म्हणून वस्तुमान कमी. ७० चे ६१ झाले. इंधन १८१. थंडाव्याचं पाणीही गरम, म्हणून टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरचा दाब चढतो. धुरावरची वीज ३४. एकूण ९५, ५२.५ टक्के.

१०७ वरून ९५. बारा मेगावॅट उन्हानेच खाल्ले. आणि त्याच उन्हाने आरशांवरून अठरा परत केले. एकूण ११३. एअर कंडिशनर सुरू होतात त्या वेळी केंद्र बसत नाही, हा अशा केंद्रांचा सगळ्यात प्रामाणिक फायदा. कार्यक्षमतेच्या व्याख्येत तो कुठेच उमटत नाही.

२१ फेब्रुवारी

ज्युनियरची शंका: वीज वाढवण्याऐवजी वीज तेवढीच ठेवून गॅस कमी जाळला तर?

करून पाहिलं. १०७ वर स्थिर ठेवायचं तर गॅस टर्बाइन ७० वरून ५५ वर आणावं लागतं. तिथे त्याची कार्यक्षमता ३५ वरून ३२.५ च्या आसपास येते. इंधन १७०. बचत ३० मेगावॅट. उलट गॅस टर्बाइन पूर्ण भारावर ठेवून १९ मेगावॅट जास्त वीज ग्रीडला दिली आणि तेवढीच दुसऱ्या एखाद्या ५३.५ टक्क्यांच्या केंद्रावर कमी केली, तर बचत ३५.५.

गंमत म्हणजे इंधनावरची कार्यक्षमता दोन्हीकडे ६३. गुणोत्तर सारखं, गॅस वेगळा. पहिल्या व्याख्येवरचा माझा राग आज आणखी वाढला.

१ मार्च

एक्सर्जी. किती उष्णता आहे यापेक्षा तिच्यातून जास्तीत जास्त किती काम निघू शकतं, हे मोजायचं.

उन्हाची एक्सर्जी जवळजवळ उन्हाइतकीच, ९३ टक्के. म्हणजे ९१.६ पैकी ८५.४. तेलाच्या ५० मेगावॅटची, सरासरी ३४१ अंशांवर, २६.२. वीज १९.

८५ ते २६ हा कडा आरसा आणि नळी यांच्यातच. २६ ते १९ हा बॉयलर-टर्बाइनमधला उतार त्या मानाने सौम्य, ७२ टक्के हाती लागते. सुधारायचं असेल तर शेत सुधारा, टर्बाइनला छळू नका. कड्यातला मोठा भाग साडेपाच हजार अंशांच्या प्रकाशाला चारशेच्या आत उतरवल्यामुळे आहे. म्हणून क्षारवाले तापमान वाढवायच्या मागे लागलेत.

गॅसच्या बाजूला सगळ्यात मोठी नासाडी ज्वलनकक्षात होते. ते प्रत्येक केंद्राचंच दुखणं, इथे पुन्हा उगाळत नाही.

८ मार्च

ऋतू. जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर; त्याच ७०० वॅटवर शेत ६० च्या पुढे जातं. बाष्पाची बाजू ५० ला थांबवली तर वरची उष्णता सोडावी लागते, म्हणजे काही आरसे उन्हापासून वळवून ठेवायचे. डिसेंबरच्या दुपारी किरण ५३ अंश तिरके, गुणक ०.६१, शेत तिशीत.

डिसेंबरचा आलेख पाहून ज्युनियरला कोड बिघडल्यासारखा वाटला: दुपारी खड्डा. सकाळी नऊचा गुणक ०.७५ येतो, बाराचा ०.६१. उत्तर-दक्षिण नळ्या पूर्व-पश्चिम झुकतात; सकाळचा सूर्य त्या समोर घेऊ शकतात, दक्षिणेला खाली उतरलेला दुपारचा नाही. बरोबर आहे. आलेख तसाच ठेवायचा, खाली दोन ओळींचा खुलासा.

धूळ: आरशांची चमक १० टक्के उतरली तर शेताचं उत्पादन ११ टक्क्यांहून जास्त उतरतं, कारण नळीतून झिरपणारे ६ मेगावॅट धुळीला भीक घालत नाहीत. वसंतात तिथे खमसिन वाहतो, वाळू घेऊन. धुलाईच्या पाण्याचा खर्च कार्यक्षमतेच्या प्रकरणात घ्यायचा की अर्थकारणात, हे मॅडमना विचारायचं.

१५ मार्च

वर्ष. कुरैमातचा प्रसिद्ध आराखडा: वर्षाला ८५२ दशलक्ष युनिट, त्यात सूर्याचे ३३. चार टक्क्यांच्या आत.

दुपारी इंधनावरची कार्यक्षमता साडेनऊ गुणांनी वाढत होती. वर्षभरावर ती वाढ फक्त दोन गुणांची. जाहिरातीत दुपार येते, गॅसच्या बिलात वर्ष.

आता उन्हाविनाचा तो एक मेगावॅट. केंद्र वर्षात ७,००० तास चाललं, त्यात उन्हाचे २,५०० धरले, तर उरलेल्या ४,५०० तासांत ४.५ दशलक्ष युनिट. तेहतीस हा आकडा त्याच केंद्राच्या ऊन नसलेल्या अवस्थेशी तुलना करून काढला असेल, तर त्यातली सातवा हिस्सा वीज रात्री परत जाते. तो तसाच काढला आहे असं मी कुठेही लिहिणार नाही. "धरला तर" हे शब्द तक्त्याच्या मथळ्यातच घातले.

मॅडमचा शेरा: साठवण असती तर? तेलाची उष्णता क्षाराच्या टाकीत ठेवून संध्याकाळी वापरली, तर टर्बाइन पार्ट लोडवर कमी तास राहील. विनिमयकात थोडं तापमान जाईल. पण कुरैमातला साठवण नाही, म्हणून "पुढील काम" मध्ये ढकललं.

२२ मार्च

शेवटचं चालवून पाहायचं होतं ते झालं: आरसे तेवढेच, गॅस चौपट. ऐन बेनी मथरच्या प्रमाणाकडे जाणारं.

गॅस टर्बाइन मिळून २८०, धुरावरची वाफ १४८, इंधन ८००. सूर्य १९ जोडला. स्टीम टर्बाइन आता १६७ चं. ऊन गेलं तरी ८९ टक्के भारावर. रात्रीचा तोटा एक मेगावॅटवरून ०.४५ वर आला. वर्षाला ४.५ ऐवजी २ दशलक्ष युनिट. चौपट गॅस म्हणजे तोटा चौथा हिस्सा, असं मात्र होत नाही. भारातली घट लहान असली तरी ती मोठ्या टर्बाइनला लागते.

इंधनावरची दुपारची कार्यक्षमता ५३.५ वरून ५५.९. पहिल्या केंद्रात ती ६३ होती. तेच आरसे, तेच ऊन, सूर्याची निव्वळ वीज इथे जास्त, आणि ठळक अक्षरातला आकडा मात्र सात गुणांनी खाली.

दोन्ही ओळी तक्त्यात एकाखाली एक ठेवल्या आहेत. त्यांच्यामध्ये "रात्रीचा तोटा" हा रकाना घातला. मॅडमना सोमवारी प्रत द्यायची. धुलाईच्या पाण्याचं अजून विचारायचं राहिलंय.